फ्रेंच स्वयंपाक, पण खिशाला परवडेल असा

पहिल्यांदा घरी फ्रेंच जेवण करायचं ठरवलं, तेव्हा मी आधी यादी केली आणि मग ती घेऊन दुकानात गेल्यावर भान सुटलं. रेड वाइनची बाटली, फ्रेश क्रीम, ग्रुयेर चीज, ट्रफलच्या वासाचं तेल. रविवारी एक पदार्थ झाला, बराही झाला. पुढच्या रविवारपर्यंत क्रीम आंबलं होतं, चीजला बुरशी धरली होती आणि उरलेली वाइन व्हिनेगर होण्याच्या वाटेवर होती. ते तेल तर वर्षभर फळीवर तसंच बसून होतं. त्या एका जेवणाच्या खर्चात आठवड्याचा स्वयंपाक सहज निघाला असता.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. फ्रान्समध्ये दोन स्वयंपाक शेजारी शेजारी नांदतात. एक मोठ्या रेस्टॉरंटचा. ओग्युस्त एस्कोफिए या नामवंत फ्रेंच शेफने 1903 मध्ये आपल्या ग्रंथात जो शिस्तीत बांधून ठेवला तो. तिथे सॉसला वेगळा माणूस, माशाला वेगळा माणूस, आणि तासन्‌तास आटवलेले रस. दुसरा घरचा. त्याला तिकडे ‘क्विझीन द मेनाज’ म्हणतात, म्हणजे सरळ घरगुती स्वयंपाक. त्यात कांदा, बटाटा, अंडी, मसूर, कोबी, शिळा पाव आणि मांसाचे स्वस्त, चिवट तुकडे. आपल्याला करायचाय तो हा दुसरा. यात महागडं काही नसतं, मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तोही बहुतेक पातेल्याला. तुम्ही शेजारी दुसरं काम करत राहायचं.

आधी फळीवर काय हवं

एकदाच आणून ठेवायच्या आणि महिनोन्‌महिने पुरणाऱ्या वस्तू अशा: व्हिनेगर (साधं चालेल, वाइनचं असेल तर उत्तम), दिजों पद्धतीची मोहरीची पेस्ट, मैदा, काळी मिरी, एक जायफळ, वाळलेलं थाइम, बे लीफ. याशिवाय बटर, तेल, अंडी, दूध, कांदे, बटाटे, गाजर, लसूण. झालं. पार्सली ताजी मिळाली तर थोडी आणा, नाही मिळाली तर अडत नाही.

फ्रेंच म्हटलं की बटर पाहिजेच, हा समज काढून टाका. नॉर्मंडी आणि ब्रिटनी या गाईगुरांच्या मुलखात बटर चालतं. दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये ऑलिव्ह तेल, नैर्ऋत्येला बदकाची किंवा हंसाची चरबी. ज्या भागात जे पिकतं, ते वापरतात. म्हणून निम्मं तेल आणि निम्मं बटर घ्यायला काहीच हरकत नाही. माझा नियम असा: परतायला तेल, आणि पदार्थ झाल्यावर आच बंद करून वरून बटरचा छोटा तुकडा. वास शेवटच्या तुकड्याचा येतो आणि खर्च निम्म्यावर येतो.

चीजचंही तसंच. फ्रेंच घरांतून किसलेलं एमेंताल सर्रास वापरतात, दर वेळी कुणी महागडं कोंते किसत बसत नाही. वितळणारं, फार खारट नसलेलं कुठलंही चीज घ्या. एकदम किसून, पिशवीत सपाट पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. हवं तेवढंच मोडून घेता येतं आणि बुरशीची भानगड राहत नाही.

वाइन? फक्त स्वयंपाकासाठी बाटली फोडू नका. सॉसमध्ये वाइनची दोन मुख्य कामं असतात: थोडा आंबटपणा देणं आणि भांड्याच्या तळाला चिकटलेलं सोडवणं. एक चमचा व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी ही दोन्ही कामं करतं. चव तंतोतंत तीच येणार नाही, पण पदार्थ लंगडाही पडणार नाही. मात्र ज्या पदार्थात वाइन हाच रस असतो, जसा कोंबडीचा ‘कोक ओ व्हँ’, तो सध्या सोडून द्या. पाण्यात केलेला कोक ओ व्हँ म्हणजे नुसतं नाव उरतं.

भांडी म्हणाल तर एक जाड बुडाचं, झाकणाचं पातेलं, एक फ्रायपॅन आणि एक धारदार सुरी. ओव्हन असेल तर बरं. नसेल तरी इथले बहुतेक पदार्थ होतात.

पहिली पायरी: कांदा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे एक जमलं की बाकीचं निम्मं आपोआप जमतं. शिकण्यासाठी कांद्याचं सूप घ्या. त्यात लपवायला जागा नाही: कांदा, पाणी, पाव, चीज, बस.

चौघांसाठी एक किलो कांदे. सोलून, उभे अर्धे करून पातळ काप करा. काप साधारण एकसारखे हवेत, नाहीतर बारीक काप करपतात आणि जाड कच्चे राहतात. पातेल्यात दोन चमचे तेल आणि 20 ग्रॅम बटर घाला, मग सगळा कांदा आणि सपाट चमचा मीठ. पातेलं काठोकाठ भरेल. घाबरू नका. झाकण ठेवा, गॅस बारीक करा, पंधरा मिनिटं सोडून द्या.

फ्रेंचमध्ये या टप्प्याला ‘स्युए’ म्हणतात, शब्दशः घाम गाळणं. मिठाने कांद्याचं पाणी सुटतं. कांद्यात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असतं, आणि ते पाणी आहे तोवर भांड्याचं तापमान 100 अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही, म्हणजे कांदा शिजेल पण लाल होणार नाही. लाल व्हायला पाणी आधी जावं लागतं. म्हणून आता झाकण काढायचं.

इथून पुढे डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा. आधी पातेल्यातून ओला, रटरट आवाज येत असतो. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला तो बदलतो, कोरडा चरचर आवाज सुरू होतो. पाणी संपल्याची ही खूण. आता दर दोन-तीन मिनिटांनी ढवळायचं. तळाला तपकिरी थर धरायला लागला की चमचाभर पाणी टाका आणि लाकडी उलथन्याने तो थर खरवडून कांद्यात मिसळा. पुन्हा थर धरू द्या, पुन्हा पाणी, पुन्हा खरवडा. असं चार-पाच वेळा. दर खेपेला रंग एक छटा गडद होतो. पाऊण तास ते तास झाला की काठोकाठ असलेला कांदा पातेल्याच्या तळाशी मुरब्ब्यासारखा बसलेला दिसेल, जुन्या लाकडाच्या रंगाचा. चाखून बघा. साखर घातली की काय असं वाटेल.

या तासाला पळवाट नाही. मी शोधून पाहिली आहे. पाहुणे यायला अर्धा तास होता म्हणून पंधराव्या मिनिटाला गॅस मोठा केला आणि रंग येईना म्हणून वर साखर भुरभुरली. कडा काळ्या, आतून कांदा कचकच, आणि सूप कडू. पाहुण्यांनी वाडगे संपवले, पण दुसऱ्यांदा कुणी मागितलं नाही. घाईच असेल तर त्या दिवशी ऑम्लेट करा.

कांदा झाला की एक चमचा मैदा भुरभुरून दोन मिनिटं परता, एक चमचा व्हिनेगर घाला, मग सव्वा लिटर स्टॉक किंवा गरम पाणी, एक बे लीफ, चिमूटभर थाइम. वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळू द्या. शिळ्या पावाचे जाड काप कोरडे भाजून घ्या. वाडग्यात सूप, वर पाव, पावावर चीज, आणि ओव्हनच्या वरच्या आचेखाली चीजवर डाग पडेपर्यंत. ओव्हन नसेल तर पाव फ्रायपॅनमध्ये भाजतानाच वर चीज घालून झाकण ठेवा आणि वितळलं की तो काप सूपवर सोडा.

पॅरिसमध्ये ले आल नावाचा घाऊक भाजी-मांसाचा बाजार होता, 1969 मध्ये तो शहराबाहेर रंजीसला हलवला. तिथले हमाल आणि व्यापारी रात्रपाळीत हेच सूप प्यायचे, आणि पार्टीहून परतणारे श्रीमंतही पहाटे त्याच बाकांवर येऊन बसायचे. म्हणजे पाहुण्यांना वाढायला लाज वाटावी असा हा पदार्थ नाही.

एक व्यवहाराची गोष्ट: तास जाणारच आहे, तर दोन किलो कांदा परता. अर्धा छोट्या डब्यांत भरून फ्रीझरला ठेवा. बटाट्यात, अंड्यात, किशमध्ये (अंडं-क्रीमच्या खाऱ्या टार्टमध्ये), नुसत्या पावावर, कुठेही चमचाभर घातला की ते जेवण आयतं फ्रेंच वाटायला लागतं.

सालींचा डबा

स्टॉक विकत घेऊ नका. फ्रीझरमध्ये एक डबा ठेवा आणि त्यात गाजराची टोकं, कांद्याचे उरलेले तुकडे, सेलरीची पानं, पार्सलीच्या काड्या, टोमॅटोची देठाकडची बाजू, मांसाहारी असाल तर कोंबडीची हाडं जमवत जा. कोबी, फ्लॉवर आणि बीट यांना या डब्यात जागा नाही. पहिले दोघे वास सोडतात, तिसरं सगळं लाल करून टाकतं. बटाट्याच्या सालींनी पाणी गढूळ होतं, त्याही नकोत. कांद्याची वरची वाळकी साल मात्र थोडी घाला, रंग छान येतो.

डबा भरला की पातेल्यात टाकून वर चार बोटं थंड पाणी. नुसत्या भाज्या असतील तर पाऊण तास पुरतो, हाडं असतील तर तीन तास. उकळी फुटू द्यायची नाही, पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा येत राहिला पाहिजे. खळखळून उकळलं की चरबी आणि फेस पाण्यात मिसळून स्टॉक गढूळ होतो. गाळा, निववा, डब्यात भरा. मीठ घालू नका. हा स्टॉक पुढे आटणार असतो आणि आटल्यावर खारटपणा दुप्पट होतो.

कांदा, गाजर आणि सेलरी यांच्या बारीक तुकड्यांना फ्रेंचमध्ये ‘मिरप्वा’ म्हणतात. प्रमाण साधारण दोनास एक एक, कांदा जास्त. मंद आचेवर तेलात मऊ केलेलं मिरप्वा म्हणजे तिथल्या बहुतेक रस्स्यांचा पाया. सेलरी महाग असेल तर कमी घ्या, किंवा वगळा.

दुसरी पायरी: बेशामेल

चौदाव्या लुईच्या दरबारातल्या लुई द बेशामेई या कारभाऱ्याचं नाव या सॉसला चिकटलं. मैदा, बटर, दूध, एवढंच साहित्य, आणि यातून कालची कुठलीही उकडलेली भाजी आजचं मुख्य जेवण बनते.

अर्धा लिटर दुधाला 40 ग्रॅम बटर आणि 40 ग्रॅम मैदा. बटर वितळवा, मैदा घाला, मंद आचेवर दोन मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही, पण कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास यायला हवा. हे ‘रू’. आता पातेलं खाली उतरवा आणि थंड दूध आधी फक्त अर्धी वाटी घाला. रवीने घोटा. एकदम घट्ट गोळा होईल आणि सगळं बिघडलं असं वाटेल. बिघडलेलं नाही. पुन्हा अर्धी वाटी, पुन्हा घोटा. गोळा गुळगुळीत, चकचकीत झाला की उरलेलं दूध एकदम ओता आणि पुन्हा आचेवर ठेवा. गुठळ्या होतात त्या दूध सुरुवातीलाच भसकन ओतल्यामुळे: मैद्याच्या कणांभोवती बाहेरून चिकट थर बसतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. झाल्याच गुठळ्या तर गाळणीतून काढा, कुणाला कळत नाही.

उकळी आल्यावर सात-आठ मिनिटं मंद आचेवर ढवळत राहा, नाहीतर पिठूळ चव मागे राहते. मीठ, मिरी, जायफळ किंचित. जायफळ जास्त झालं की सगळं औषधासारखं लागतं.

उकडलेला फ्लॉवर, पालक, बटाटा, उकडलेली अंडी, काहीही बसक्या भांड्यात पसरा, वर हा सॉस, थोडं चीज, शिळ्या पावाचा चुरा. वर डाग पडेपर्यंत भाजा. हे ‘ग्रातँ’. पावाचा चुरा कंजूसपणाने घालू नका, तो फुकटचा आहे आणि कुरकुरीतपणा तोच देतो.

आधी थोडं गार वाढा

फ्रेंच जेवण एकामागून एक पदार्थ असं चालतं. युनेस्कोने 2010 मध्ये फ्रेंच मेजवानीच्या पद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात किमान चार टप्पे धरले आहेत. रोजच्या घरात एवढं कुणी करत नाही. आधी काहीतरी छोटं, मग मुख्य पदार्थ, शेवटी फळ किंवा दही, संपलं. पण या आधीच्या छोट्या ताटलीचा खर्चाशी थेट संबंध आहे. पोटात किसलेलं गाजर किंवा वाडगाभर सूप गेलं की पुढचा महाग पदार्थ कमी लागतो.

यासाठी विनेग्रेट यायला हवं. एक भाग व्हिनेगर, तीन भाग तेल, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळवा, तेलात ते विरघळत नाही, शेवटी दाताखाली येतं. मग मोहरी, मग तेल धारेने. मोहरी तेल आणि आंबट पाणी यांना काही वेळ एकत्र धरून ठेवते. झाकणाच्या बाटलीत सगळं घालून जोरात हलवलं तरी चालतं, आणि आठवडाभर टिकतं. त्यात लसूण किंवा कांदा घालायचा असेल तर तेवढ्यापुरतं करा.

गाजर बारीक किसून विनेग्रेटमध्ये, जमलं तर पार्सली: ‘कारोत रापे’, तिथल्या शाळांच्या खाणावळीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलं जाणारं. लीक (पातीच्या कांद्यासारखी, पण जाड भाजी) मिळत असेल तर पाण्यात पूर्ण मऊ शिजवून, निथळून, कोमट असतानाच विनेग्रेट ओता. फ्रेंच लोक त्याला गरिबाचं अ‍ॅस्पॅरॅगस म्हणतात, म्हणजे ज्या महागड्या भाजीसाठी शहरी माणूस पैसे मोजतो तिची गरिबाघरची बदली.

मसुराचं सॅलड माझं सगळ्यात लाडकं. ओव्हेर्न्य भागातल्या ल प्वी गावच्या हिरव्या मसुराला 1996 पासून वाइनसारखा प्रदेशाचा संरक्षित दर्जा आहे, त्यामुळे तो महाग. आपल्याला साधा अख्खा मसूर पुरे, फक्त न सोललेला हवा, म्हणजे आकार धरतो. पाव किलो मसूर, थंड पाणी, अर्धा कांदा, एक गाजर, बे लीफ. उकळी आल्यावर वीस मिनिटांनी दाणा दाबून बघायला सुरुवात करा. मऊ पण अख्खा, तिथेच थांबा. पाणी काढा आणि गरम असतानाच विनेग्रेटमध्ये टाका. गरम दाणा आंबट-खारट आत शोषतो, गार झालेल्यावरून ते नुसतं ओघळतं. वर एक उकडलेलं अंडं अर्धं करून ठेवा, की रात्रीचं पूर्ण जेवण झालं.

तिसरी पायरी: एक भांडं, तीन दिवस

‘पो-तो-फ’ म्हणजे विस्तवावरचं भांडं. मूळ पदार्थ गोमांसाच्या पायाच्या किंवा खांद्याच्या चिवट तुकड्यांचा. हे तुकडे स्वस्त असतात कारण त्या स्नायूंना जनावराने आयुष्यभर राबवलेलं असतं, त्यांत कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन भरपूर. मोठ्या आचेवर ते रबरासारखे होतात. मंद आचेवर तीन तास ठेवले की कोलॅजेनचं जिलेटिन होतं, मांस काट्याने सुटतं आणि रसाला अंग येतं. कोंबडीचं केलं तर त्याला ‘पूल ओ पो’ म्हणतात. त्यासाठी अंडी देऊन थकलेली म्हातारी कोंबडी घेण्याची रीत आहे, तिला दोन-अडीच तास लागतात. कोवळी कोंबडी तासाभरात होते, पण रस्सा तेवढा चवदार होत नाही.

मांस थंड पाण्यात टाका, हळूहळू तापवा, वर येणारा करडा फेस चमच्याने काढत राहा. मग मीठ, मिरीचे अख्खे दाणे, आणि थाइम, बे लीफ, पार्सलीच्या काड्या दोऱ्याने बांधलेली जुडी. हिला ‘बुके गार्नी’ म्हणतात आणि दोरा यासाठी की शेवटी काढताना शोधाशोध नको. शेवटच्या चाळीस मिनिटांत गाजर, सलगम, कोबीचे मोठे तुकडे. बटाटा वेगळा उकडा, नाहीतर रस्सा दाट आणि गढूळ होतो.

पहिल्या दिवशी आधी नुसता रस्सा वाडग्यात, पावाच्या तुकड्यांवर. मग ताटात मांस आणि भाज्या, सोबत मोहरीची पेस्ट आणि जाडं मीठ. मांस माणशी दोनच तुकडे वाढा, भाजी ढीगभर. दुसऱ्या दिवशी उरलेल्या रश्श्यात शेवया किंवा तांदूळ. तिसऱ्या दिवशी उरलंसुरलं मांस हाताने सोडवून, परतलेल्या कांद्यात मिसळून, वर कुस्करलेला बटाटा पसरून भाजायचं. हा ‘आशी पार्मांतिए’.

या पार्मांतिएंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेशाने औषधतज्ज्ञ असलेला हा माणूस अठराव्या शतकातल्या सप्तवार्षिक युद्धात प्रशियात (एका जुन्या जर्मन राज्यात) कैदी होता आणि तिथे त्याला बटाटा खायला घालत. तेव्हा फ्रान्समध्ये बटाटा जनावरांचं खाद्य मानला जाई, 1748 मध्ये पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, त्याच्या लागवडीवर बंदीही घातली होती असं सांगतात. कैदेत बटाटा खाऊन आपण धडधाकट राहिलो हे पार्मांतिएंनी पाहिलं होतं आणि परत आल्यावर त्यांनी बटाट्याचा पिच्छा सोडला नाही. 1772 मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने बटाटा खाण्यायोग्य ठरवला. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांच्या कबरीवर लोक आजही फुलांऐवजी बटाटे ठेवतात.

शाकाहारी असाल तर याच वेळापत्रकात प्रोव्हान्सचं ‘सुप ओ पिस्तू’ बसवा. रात्रभर भिजवलेले पांढरे बीन्स आधी पूर्ण शिजवा, मग गाजर, बटाटा, झुकिनी, टोमॅटो, मूठभर छोटा पास्ता. बेसिल, लसूण आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात वाटून ती चटणी, म्हणजे पिस्तू, वाढताना वरून घाला. उकळत्या सूपमध्ये घातली तर वास उडून जातो. दुसऱ्या दिवशी हे सूप दाट होतं आणि जास्त चांगलं लागतं.

कुठलंही भांडं तीन दिवस चालवायचं तर एक पथ्य पाळा: जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये, आणि रोज लागेल तेवढंच काढून खळखळून उकळायचं.

ऑम्लेट

थोडक्यात सांगायचं तर तीन अंडी, काट्याने हलकी मोडलेली, फेसाळलेली नकोत. 15 ग्रॅम बटर, त्याचा फेस बसला की अंडी ओता, पॅन हलवत काट्याने भरभर ढवळा, वरचा थर ओलसर असतानाच गुंडाळून ताटात. एका मिनिटाचं काम. फ्रेंच पद्धतीत बाहेरून डाग पडू देत नाहीत. मला मात्र थोडा डाग आवडतो आणि मी तो पडू देते.

शिळा पाव आणि दह्याच्या डब्याचा केक

पारंपरिक ‘बागेत’मध्ये, म्हणजे लांब फ्रेंच पावात, पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांपलीकडे फारसं काही घालायची मुभा नाही, 1993 च्या सरकारी आदेशाने ते ठरवून दिलंय. चरबी नाही, टिकवणारं रसायन नाही, म्हणून तो दुसऱ्याच दिवशी लाकूड होतो. मग शिळ्या पावाचे एवढे पदार्थ का, हे वेगळं सांगायला नको.

‘पँ पेर्द्यू’ म्हणजे वाया गेलेला पाव. दोन अंडी, पाव लिटर दूध, दोन चमचे साखर एकत्र करा. पावाचे जाड काप त्यात दोन्ही बाजूंनी भिजवा आणि बटरवर मंद आचेवर लाल करा. पाव शिळाच हवा. ताजा दुधात विरघळून हातात येतो.

आणि केक. फ्रान्समधली पोरं आयुष्यातला पहिला केक बहुतेक हाच करतात, कारण त्याला वजनकाटा लागत नाही. 125 ग्रॅमच्या दह्याचा डबा रिकामा करायचा आणि तोच माप म्हणून वापरायचा. एक डबा दही, दोन डबे साखर, तीन डबे मैदा, अर्धा डबा तेल, तीन अंडी, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर. दही, साखर, अंडी फेटा, मैदा आणि पावडर चाळून मिसळा, शेवटी तेल. मैदा घातल्यावर फार घोटू नका, केक चिवट होतो. 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. वर लिंबाची साल किसली तर बटर नसल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. साखर दीड डबा केली तरी बिघडत नाही, मला तीच बरी वाटते.

पहिला आठवडा असा काढा

सगळं एकदम करू नका. शनिवारी दोन किलो कांदा परता, रात्री सूप. रविवारी मसूर शिजवा, दुप्पट शिजवा, आणि बाटलीत विनेग्रेट करून ठेवा. सोमवारी ऑम्लेट आणि किसलेलं गाजर. मंगळवारी उरलेला मसूर, वर अंडं. बुधवारी बेशामेल, जी भाजी पडून असेल तिचं ग्रातँ, त्यात चमचाभर शनिवारचा कांदा. गुरुवारी बटाटा आणि लीकचं सूप: दोन्ही पाण्यात शिजवून कुस्करायचं, वर बटरचा तुकडा. लीक नसेल तर कांदा. शुक्रवारी शिळ्या पावाचं पँ पेर्द्यू.

तोवर फ्रीझरमधला सालींचा डबा भरत आलेला असतो. दुसऱ्या शनिवारी सकाळी तो पातेल्यात रिकामा करा, वर चार बोटं पाणी घाला आणि गॅस बारीक करून कामाला लागा.